देवळीतला दिवा आणि काचेची हंडी

कोजागरीचे दूध आटोपले, की घराघरांतून दिवाळीची चाहूल लागते. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात, समया आणि निरांजने चिंचेने घासून लख्ख होतात, गेल्या वर्षीच्या पणत्या पाण्यात भिजत पडतात. कांदिवलीसारख्या उपनगरात आता वाड्या राहिल्या त्या बहुतांशी नावापुरत्याच. डहाणूकरवाडी हे आज मेट्रोच्या एका स्थानकाचे नाव होऊन बसले आहे. पण उंच इमारतींच्या त्याच गर्दीत वसुबारसेच्या संध्याकाळी गॅलरी-गॅलरीतून आकाशकंदील लागतात, दारापुढे पणत्या तेवू लागतात, आणि घर लहान असो की मोठे, त्या आठवड्यापुरते ते देवघर होऊन जाते.

आमच्या घरी या आवराआवरीत एक वस्तू सर्वांत शेवटी बाहेर निघते. जुन्या धोतराच्या चार पदरांत गुंडाळलेली ही वस्तू म्हणजे काचेची एक हंडी. कोकणातल्या घराच्या ओटीवर ती पूर्वी टांगलेली असे. तोंडाशी सोनेरी किनार, पोटावर निळ्या-तांबड्या फुलांची वेल, आणि साखळ्या अडकवण्यासाठी पितळी कडे. किनारीचे सोने अर्धेअधिक पुसून गेले आहे. यंदा ती उलगडली तेव्हा आमच्या धाकट्या कन्येच्या लक्षात आले, की गळ्यापासून पोटापर्यंत केसासारखा बारीक तडा गेला आहे.

"आजी, हंडी फुटली गं!" ती म्हणाली.

"फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं," मातोश्रींनी तिला हळूच सांगितले.

"पण मग ती देवापुढे चालते का?"

या प्रश्नावर मातोश्री क्षणभर थबकल्या. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करावे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दिव्याच्या भंगलेल्या आवरणाचे काय करावे? हा प्रश्न आमच्या घरात दोन दिवस रेंगाळला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही फार दूर, सातशे वर्षे मागे, कैरो आणि दमास्कस या शहरांपर्यंत जाऊन पोहोचलो. सणाच्या निमित्ताने वाचकांनाही त्या प्रवासात सोबत घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काच आणि देवकार्य

आपल्या पूजेच्या उपकरणांत मान आहे तो तांब्याला, पितळेला आणि चांदीला. काच हा पदार्थ आपल्याकडे अगदी जुना असला, तरी तो अलंकाराच्या वाटेने आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात काचेचा आणि काचमण्यांचा उल्लेख आहे. एका मराठी पंडिताने, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी, भारतीय काचेचा समग्र इतिहास इंग्रजीत लिहिला आणि मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. याच दीक्षितांनी डॉ. हसमुख सांकळिया यांच्यासमवेत १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले होते. तिथे बहामनी काळाच्या थरांत काचेच्या रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडे सापडले. म्हणजे सौभाग्याचे लेणे म्हणून काच महाराष्ट्राच्या घरात पूर्वापार वावरत आली आहे.

दिव्याभोवती काच बसवणे ही मात्र वेगळी गोष्ट. उघड्या ज्योतीला वारा सोसत नाही. हाताचा आडोसा केला तर उजेड अडतो. वारा अडवून उजेड मात्र न अडवणारा पदार्थ काचेवाचून दुसरा सहज हाती लागणारा नव्हता. ज्या देशांत काच फुंकण्याची विद्या पुराणकाळापासून नांदली, त्या सीरिया आणि मिसर देशांत प्रार्थनास्थळातला दिवा काचेत गेला, यात म्हणूनच नवल नाही.

देवळीची उपमा

आपल्या जुन्या घरांच्या भिंतीत दिवा ठेवण्यासाठी एक लहान कोनाडा असे. त्याला आपण देवळी म्हणतो. देवळी म्हणजे लहानसे देऊळच. ज्या कोनाड्यात दिवा ठेवायचा त्याला देवळाचे नाव देणारी आपली भाषा किती भाविक आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

इस्लामच्या धर्मग्रंथात, कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात, ईश्वरी प्रकाशाचे वर्णन करणारा एक प्रसिद्ध भाग आहे. त्यात दिलेली उपमा ऐकून मराठी मनाला आपलीच ओटी आठवावी. भिंतीतली देवळी, देवळीत दिवा, दिवा काचेच्या पात्रात, आणि ते पात्र ताऱ्याप्रमाणे लखलखणारे, असे ते चित्र आहे. मध्ययुगातल्या कारागिरांनी हे चित्र केवळ वाचले नाही, तर हाताने घडवले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत कैरो आणि दमास्कस येथे मशिदींसाठी जे काचेचे दिवे तयार झाले, त्यांच्या गळ्यावर बहुधा हाच भाग सुंदर अक्षरांत लिहिलेला असतो.

या दिव्यांचा आकार एखाद्या फुलदाणीसारखा. गळा वर पसरत गेलेला, पोट फुगीर, खाली बैठक. उंची साधारणपणे एक फूट, क्वचित त्याहून थोडी अधिक. पोटावर काचेचीच कडी जोडलेली असतात. त्यांत साखळ्या अडकवून दिवा छतापासून खाली, माणसाच्या डोक्यावर थोड्याच उंचीवर टांगीत. आत लहानशा पात्रात पाणी, पाण्यावर तेल आणि तेलात वात. आपल्या जुन्या हंड्यांतही खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यावर तरंगती वात, अशीच योजना असे. दिव्याला धर्म विचारला तर तो कदाचित एवढेच सांगेल, की तेल आणि वात सगळीकडे सारखीच असते.

एक मौजेची गोष्ट अशी, की अनेक दिव्यांवर गळ्यावरची अक्षरे निळ्या मीनाकामाची असतात आणि पोटावर मात्र उलट, निळ्या भूमीवर अक्षरांच्या जागा मोकळ्या सोडून त्यांना सोन्याचा हात दिलेला असतो. दिवसा पाहावे तर ती नक्षी. रात्री आत ज्योत लागली, की त्या मोकळ्या जागांतून प्रकाश बाहेर येतो आणि अक्षरेच पेटल्यासारखी दिसू लागतात. लेखन प्रकाशाविषयीचे आणि वाचायचे तेही प्रकाशाने, अशी ही सांगड होती.

अग्नीची दोनदा परीक्षा

हे दिवे कसे घडत, हे जाणून घेतल्यावाचून त्यांचे मोल कळणार नाही. पांढऱ्या गारगोट्यांची पूड किंवा वाळू, आणि क्षारभूमीत वाढणाऱ्या वनस्पतींची राख, या दोहोंच्या मिश्रणातून काच वितळवीत. ती आजच्यासारखी निर्मळ नसे. तिच्यात किंचित पिवळट किंवा हिरवट झाक असे, बुडबुडेही असत. लोखंडी नळीच्या टोकाला हा रस घेऊन कारागीर फुंकरीने त्याला आकार देई आणि मग ते पात्र हळूहळू निववीत.

यानंतर चित्रकाराचे काम सुरू होई. सोन्याची अत्यंत बारीक पूड डिंकात कालवून ती कुंचल्याने लावायची. हा डिंक आपल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचा. नक्षीची रेघ बहुधा तांबड्या रंगात काढायची आणि मधल्या जागा मीन्याने भरायच्या. मीना म्हणजे दुसरे काही नसून रंगीत काचेचीच पूड. पांढरा रंग कथलाच्या भस्माने येई, तांबडा लोहाच्या भस्माने. निळ्यासाठी कोबाल्ट वापरीत. काही पात्रांवर मात्र राजावर्त या मौल्यवान दगडाची पूड आढळली आहे, आणि हा दगड तर दूर बदख्शानच्या डोंगरांतून यायचा.

चित्रण पुरे झाले की पात्र पुन्हा लोखंडी दांड्याच्या टोकाला बसवून भट्टीच्या तोंडाशी धरीत. खरी कसोटी इथे होती. मीना वितळून काचेला चिकटला पाहिजे, पण खालची काच मऊ पडून वाकता कामा नये. उष्णता जरा कमी पडली तर रंग पुढे गळून जातात, जरा अधिक झाली तर महिनाभराची मेहनत क्षणात कलते. मोजायला कोणतेही यंत्र हाताशी नव्हते. भट्टीचा रंग पाहून कारागिराचा डोळा जे सांगेल तेच प्रमाण. ही विद्या पोथीत मावणारी नव्हती. ती पित्याच्या हातून पुत्राच्या हातात आणि गुरूच्या हातून शिष्याच्या हातात, अशीच पुढे जाई.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या कलेतून दिवेच घडले असे नाही. पेले, लांब मानेच्या सुरया, गुलाबदाण्या, तस्ते अशी नाना पात्रे घडली आणि ती देशोदेशी गेली. येमेनच्या रसूली सुलतानांनी आपल्या घराण्याचे पाच पाकळ्यांच्या फुलाचे चिन्ह घालून अशी पात्रे मुद्दाम करवून घेतली. कैरोत १३५६ ते १३६३ या काळात सुलतान हसन याने जी भव्य मशीद आणि पाठशाळा उभारली, तिच्यासाठी केलेल्या दिव्यांपैकी पन्नासाच्या आसपास आजही सुरक्षित आहेत. अशा संस्थांच्या दानपत्रांत तेलासाठी आणि दिवे लावणाऱ्या सेवकासाठी निराळी तरतूद करून ठेवलेली असे. आपल्याकडे देवस्थानाच्या नंदादीपासाठी जमिनी आणि तेल लावून देण्याची जी चाल होती, तिचेच हे भावंड म्हणावे लागेल.

दिवाबत्तीची सनद

इथे कोणी म्हणेल, परक्या देशातल्या परक्या धर्माच्या दिव्यांची ही कथा आमच्या दिवाळीत कशाला? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि तेही आपल्या घराजवळ.

कांदिवलीहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघावे. वाटेत नालासोपारा लागते. हेच प्राचीन शूर्पारक. विरार, पालघर मागे टाकून डहाणू रोड येते. घोलवडनंतर महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात संजाण हे लहानसे स्थानक येते. पारशी बांधव इराणातून येऊन प्रथम स्थिरावले ते याच संजाणात, असे त्यांची परंपरा सांगते. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झाले, तेव्हा आठव्या ते तेराव्या शतकांतल्या नांदत्या बंदराचे अवशेष मिळाले. त्यांत पश्चिम आशियातून आलेली झिलईदार भांडी होती, चिनी मातीची भांडी होती आणि फुंकून केलेल्या काचपात्रांचे तुकडेही होते. सोनेरी मीनाकामाच्या दिव्यांच्या आधीची, साधी अशी ही काच. पण तिचे कुळ तेच. समुद्र ओलांडून ती आपल्या किनाऱ्याला लागली होती.

ज्या काळी ही काच संजाणात वापरात होती, त्याच काळचा एक ताम्रपट आपल्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडला. तो शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्यावरून असे दिसते, की राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार एक अरब अधिकारी पाहत होता. संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे, आणि हे मोहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय, असे विद्वान मानतात. या मधुमतीने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावा चालवल्या, अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेच्या डागडुजीसाठी व देवीच्या नैवेद्यासाठी राजाच्या संमतीने जमीन लावून दिली. अरब अधिकाऱ्याने देवीच्या नैवेद्याची चिंता वाहावी, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी याच भूमीवर घडली आहे.

आणि याचे दुसरे अंगही आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद याने जी बखर लिहिली, तिच्यात शिवछत्रपतींनी राज्यातील देवस्थानांचे दिवाबत्ती, नैवेद्य चालवल्याचे नमूद आहे. त्याबरोबरच पीर आणि मशिदी यांची दिवाबत्तीही त्या-त्या स्थानाचा मान पाहून त्यांनी चालू ठेवली, असेही सभासद सांगतो. दिव्याला तेल घालण्यात राजाने दुजाभाव केला नाही. ज्यांच्या नावाने आपण दिवाळीत मातीचा किल्ला उभारतो, त्या राजाची ही शिकवण मुलांना किल्ला करतानाच सांगितलेली बरी.

एका घराण्याचे दैव

काचेचे एक पात्र घराचे दैवत कसे होऊन बसते, याची एक हृद्य कथा इंग्लंडात आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास सीरियात घडलेला, निळ्या, हिरव्या, तांबड्या मीन्याने आणि सोन्याने नटवलेला एक पेला कसा कोण जाणे इंग्लंडच्या उत्तरेकडील ईडनहॉल या गावी मस्ग्रेव्ह घराण्यात जाऊन पोहोचला. उंची अवघी सोळा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीएवढीही नाही. गावच्या विहिरीपाशी नाचणाऱ्या यक्षिणींनी तो मागे टाकला आणि तो भंगला तर घराण्याचे दैव भंगेल असे बजावले, अशी त्याची दंतकथा. घराण्याच्या १६७७ सालच्या मृत्युपत्रात त्याचा उल्लेख आहे. त्याच्यासाठी पंधराव्या शतकात चामड्याची एक पेटी करवून घेतली होती आणि तिच्यावर येशूच्या नावाची अक्षरे उमटवली होती. मुसलमान कारागिराच्या हातचा पेला ख्रिस्ती घरात पवित्र ठरला, कारण त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या त्याला जपले.

सांगतात, की एकदा एका उमरावाने मौजेत तो वर उडवला आणि घरच्या सेवकाने तो रुमालात अलगद झेलला. पुढे काळाच्या ओघात मस्ग्रेव्हांचा वाडाच १९३४ साली पाडला गेला. पण पेला आजही अभंग आहे. १९२६ पासून तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात ठेवण्यात आला आणि १९५८ साली संग्रहालयाने तो विकत घेतला. दगडी वाडा गेला आणि काचेचा पेला राहिला. वाड्याला आपल्या बळाचा भरवसा होता. पेल्याला मात्र केवळ जपणाऱ्या हातांचा.

विद्या हातातून निसटते तेव्हा

पेला वाचला, पण पेला घडवणारी विद्या वाचली नाही. १४०१ साली तैमूरलंगाने दमास्कस लुटले आणि तिथले निष्णात कारागीर समरकंदला नेले. मिसरची संपत्तीही ओसरत चालली होती. आश्रय गेला, भट्ट्या निवल्या, आणि पंधराव्या शतकात ही कला मावळली. व्हेनिसच्या कारागिरांनी तोवर काचेवरील मीनाकाम आत्मसात केले होते. काळाचे उलटे चक्र कसे, तर १५६९ साली तुर्कस्तानचा वजीर सोकोल्लू मेहमत पाशा याच्यासाठी मशिदींचे नऊशे दिवे व्हेनिसकडे मागवण्यात आले. ज्यांनी जगाला दिवे दिले, त्या मुलखाला दिवे बाहेरून आणावे लागले.

एकोणिसाव्या शतकात फिलिप-जोसेफ ब्रोकार या फ्रेंच कारागिराने जुने दिवे अभ्यासून ही रीत पुन्हा साधली आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तिचे नमुने मांडले. त्याच शतकात युरोपच्या कारखान्यांतून हंड्या आणि झुंबरे गलबते भरभरून हिंदुस्थानात आली, संस्थानिकांच्या वाड्यांत, देवळांच्या सभामंडपांत आणि गणपतीच्या मखरांपुढे टांगली गेली. आमच्या हंडीच्या पोटावरची निळी-तांबडी वेल आणि तोंडाची सोनेरी किनार पाहिली, की दमास्कसच्या त्या विसरलेल्या कारागिराचा हात किती दूरवर पोहोचला, याची जाणीव होते.

अशा वस्तूंची किंमत वेळीच ओळखणारा एक मराठी माणूस पुण्यात होऊन गेला. चष्म्यांचा व्यवसाय करणारे आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर. लोक जुने दिवे मोडीत घालत होते, तेव्हा ते गावोगाव हिंडून ते गोळा करीत होते. आपल्या लाडक्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यातले दिव्यांचे दालन पाहायला मुलांना सुटीत अवश्य न्यावे.

फुटणे आणि वाढणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तडा गेलेल्या काचेचे काय करावे?

१०२५ च्या सुमारास काच घेऊन निघालेले एक गलबत तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, सेर्चे लिमानी नावाच्या खाडीत बुडाले. १९७७ ते १९७९ या काळात ते समुद्रतळावरून वर काढण्यात आले. त्यात सुमारे तीन टन काच होती आणि त्यातली जवळजवळ एक टन काच म्हणजे फुटक्या भांड्यांचे तुकडे. हे तुकडे केर म्हणून भरलेले नव्हते, तो विक्रीचा माल होता. फुटकी काच नव्या काचेत मिसळली, की रस लवकर वितळतो आणि चांगला होतो, हे त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होते. नवे पात्र जन्माला यायचे तर जुन्याचे तुकडे हवेत, अशी ही रीत होती. ते लाखो तुकडे वर्षानुवर्षे जुळवून संशोधकांनी त्यांतून शेकडो पात्रे पुन्हा उभी केली आहेत.

दुसरी घटना आपल्या आठवणीतली. २४ जानेवारी २०१४ रोजी कैरोत पोलीस मुख्यालयासमोर मोटारबाँबचा स्फोट झाला. समोरच इस्लामी कलेचे संग्रहालय आहे आणि मशिदींच्या जुन्या दिव्यांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथेच आहे. सहाशे-सातशे वर्षे टिकलेल्या दिव्यांपैकी काही त्या सकाळी क्षणार्धात चुरा होऊन जमिनीवर पडले. संग्रहालयातल्या माणसांनी तो चुरा टाकून दिला नाही. तुकड्याला तुकडा जुळवीत ते बसले. जानेवारी २०१७ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा सांधलेल्या वस्तूही दालनांत परत आल्या होत्या.

आपल्या आया-आज्यांनी भाषेत एक संस्कार जपला आहे. बांगडी फुटली असे त्या म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. लहानपणी आम्हाला हा केवळ अशुभ शब्द टाळण्याचा प्रकार वाटे. आता वाटते, की या शब्दामागे एक श्रद्धा आहे. ज्यात मांगल्य वसले, त्याचा शेवट होत नाही. ते फक्त रूप पालटते.

आणि एक गोष्ट या सगळ्या कथेतून मनावर ठसते. काचेला स्वतःचा प्रकाश नसतो. दमास्कसचा राजावर्ताने नटवलेला दिवा असो की कोकणातल्या ओटीवरची हंडी असो, आत ज्योत नसेल तर दोन्ही अंधारातच. ज्योत उजळते आणि काच ती जपते. काचेला जपायचे ते माणसाच्या हातांनी. या तिहींतले एक जरी कमी पडले, तरी देवळी अंधारी राहील.

ज्यांच्या घरी अशा जुन्या हंड्या असतील त्यांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. सोनेरी किनारीला राख, चिंच किंवा खरखरीत घासणी कधीही लावू नये. हे सोने श्वासाइतके पातळ असते आणि एकदा गेले की परत येत नाही. कोमट पाण्यात मऊ फडके भिजवून हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. थंड काचेत एकदम मोठी ज्योत लावू नये. आणि तडा गेलेल्या हंडीत तर ज्योत मुळीच लावू नये, कारण उष्णतेने तडा वाढून जळते तेल खाली सांडण्याचे भय असते.

मातोश्रींनीही शेवटी तसाच निर्णय दिला. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्यांनी हंडी पुसली, देवघराशेजारच्या कोनाड्यात पाटावर ठेवली आणि तिच्या मागे, जरा अंतर राखून, मातीची एक पणती लावली. पणतीचा उजेड हंडीतून पाझरून भिंतीवर पडला. निळी वेल उमटली, तांबडी फुले उमटली, आणि त्यांच्यामधून तड्याची एक बारीक सोनेरी रेघही उमटली. पुसून गेलेली किनार जणू तिथे उतरली होती.

"आजी, ती रेघच सगळ्यांत छान दिसतेय," कन्या म्हणाली.

"म्हणून तर टाकायची नाही म्हटलं," मातोश्री म्हणाल्या. "पुढं तुझ्या घरी गेली, की तूही अशीच मागे पणती लाव."

मग त्यांनी पदराने हात पुसून देवाला नमस्कार केला आणि यमदीपदानासाठी कणकेचा दिवा करायला त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आपल्या सर्वांच्या देवळीतला दिवा यंदाही असाच तेवत राहो, आणि तो जपणारे हात घरोघरी निर्माण होवोत, हीच दीपोत्सवाच्या मंगल प्रसंगी प्रार्थना.